धाकटीची पाटी

मी आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे आमच्या वसाहतीतलं एकेक वळण माझ्या मनगटात बसलेलं आहे. निवृत्त झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चाला, नाहीतर गुडघे संपावर जातील." पण नुसतं चालायचं? कोपऱ्यापर्यंत जायचं आणि मुकाट परत यायचं? मला नाही बाई जमत असलं. म्हणून मी दर रविवारी सकाळी लोकांना गोळा करून वसाहतीत पायी फिरवायला लागले आणि कुठल्या रस्त्याला कुठलं नाव कसं पडलं ते सांगायला लागले. वाचनालयाच्या फळ्यावर तसं लिहूनही ठेवलं. पहिल्या रविवारी फक्त आमचे हे आले, तेही मी दंडाला धरून आणले म्हणून.

आमचे हे शिंपी. जन्म मशीनवर वाकून गेला, त्यामुळे चालतात सगळ्यांच्या मागे, पण तोंड सगळ्यांच्या पुढे. मी रंगात आले की मागून आवाज येणारच, "अगं, मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंस!" मी लक्ष देत नाही. हळूहळू माणसं वाढली. हल्ली पंधरा-वीस जण सहज असतात.

खरं सांगायचं तर आमच्या वसाहतीची नावंच अशी आहेत की सांगणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. ज्या ठेकेदारानं ही वसाहत बांधली, त्यानं रस्त्यांना नावं देताना थोरामोठ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरातलीच माणसं उचलली आणि खांबांवर चढवली. थोरलीचा रस्ता, मधलीचा रस्ता, या त्याच्या मुली. मध्यभागी सासूबाई चौक. कुठेही जायचं असो, त्यांना वळसा घातल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. आत्याचा चढ, चढून धाप लागते आणि वर गेल्यावर हाती काही लागत नाही. जावई मार्ग सगळ्यात रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, वर्दळ मात्र शून्य. आणि मेहुण्याचा बोळ. चार घरं, की पुढे भिंत. तो बोळ कुठेच जात नाही, आणि ठेकेदाराचा मेहुणाही आयुष्यात कुठे गेला नाही. अजून तिथेच खिडकीत बसलेला असतो. इथे लोक हमखास हसतात.

शेवटी मी सगळ्यांना मधलीच्या शेजारच्या रस्त्यावर आणते. तिथल्या खांबावर पाटी नाही, सगळे त्याला नुसतं नवा रस्ता म्हणतात. तिथे माझं ठरलेलं वाक्य, "इथपर्यंत येईतो ठेकेदाराचे नातेवाईक संपले!" पुन्हा हशा, आणि मग सगळे चहाला.

एका रविवारी मात्र आमच्यात एक निवृत्त बँकवाले होते. त्यांना मी मनातल्या मनात शंकासुर म्हणते. ते हसलेच नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "ताई, एक विचारू? थोरली आहे, मधली आहे. मधली म्हणायला तिसरी लागते ना? मग धाकटी कुठे आहे?"

इतके रविवार झाले, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि जे आपल्या डोक्यात आलं नाही ते दुसऱ्यानं चारचौघांत विचारलं की माझं डोकं तापतं. मी ठणकावून सांगितलं, "धाकटी नव्हतीच हो! असती तर पाटी नसती का? त्या माणसानं सासूलासुद्धा सोडलं नाही, मुलीला सोडेल?"

"होती," घोळक्यातून आवाज आला. "मीच धाकटी."

पांढऱ्या कापडी बुटांतल्या, आखूड पिकलेल्या केसांच्या एक बाई होत्या. सकाळपासून एक शब्द न बोलता आमच्याबरोबर चालत होत्या. मी त्यांना नवी भाडेकरू समजले होते. मागून आमचे हे म्हणाले, "घे!"

बाईंनी त्या खांबावर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. हा रस्ता आधी धाकटीचा होता. पाटी वडिलांनी स्वतःच्या हातानं रंगवली होती. पुढे बाईंनी जहाजावर स्वयंपाक करणाऱ्या एका माणसाशी लग्न करायचं ठरवलं. वडील म्हणाले, "या उंबऱ्याबाहेर गेलीस तर परत यायचं नाही." बाई गेल्या. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी पक्कड घेऊन शिडीवर चढून पाटी उतरवली. थोरलीनं फोन करून रडत रडत सांगितलं.

"मग मीही हट्टाला पेटले," बाई म्हणाल्या. "म्हटलं, ज्यांनी मला रस्त्यावरूनसुद्धा पुसलं, त्यांच्या घरात मी कसली असणार? चाळीस वर्षं आले नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. आता नवरा गेला, मुलं आपापल्या घरी आहेत. थोरलीकडे जाता जाता वाटलं, एकदा बघून यावं. कुणाला दया येऊन पाटी परत लावली असेल, असं उगीच वाटत होतं. वेडी आशा, दुसरं काय!"

ठेकेदाराचं म्हातारपण मला आठवत होतं. मी बस घेऊन निघायचे तेव्हा तो दूध आणायला जाताना दिसायचा. सरळ नव्या रस्त्यानं गेला असता तर दोन मिनिटांत पोचला असता, पण तो सासूबाईंना वळसा घालून, आत्याचा चढ चढून, धापा टाकत जायचा. मला वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे. मी ते बाईंना सांगितलं.

"म्हणजे नंतर या रस्त्यावर पाऊलही ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "एवढा राग!"

"अहो, पण विचारायला माणूस आहे की!" आमचे हे पहिल्यांदाच कामाचं बोलले. "मेहुणा! म्हणजे तुमचे मामा!"

"मामा आहे अजून?"

"आहे म्हणजे? ठणठणीत आहे," मी म्हटलं. "काही केलंच नाही, तर झिजणार कसा?"

सगळी वरात मेहुण्याच्या बोळात शिरली. मामा नेहमीप्रमाणे खिडकीत होते, गुडघ्यावर शाल, हातात पेपर. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे. पेपर हातातून गळून पडला.

"धाकटे?"

"हो मामा."

म्हातारा रडेल, मिठी मारेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. तो म्हणाला, "अगं, मी उद्याच लावणार होतो."

"काय लावणार होतास?"

मामांनी काठीनं पलंगाखाली दाखवलं. आमचे हे आत जाऊन वाकले, हात घातला आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. चादर सोडली. निळा पत्रा, त्यावर पांढरी अक्षरं. धाकटीचा रस्ता.

मग मामांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून. पाटी उतरवली तेव्हा ठेकेदाराच्या डोळ्यांतून आग बरसत होती. पण वर्ष सरलं नाही तोच तो एका दुपारी पाटी काखोटीला मारून मामांकडे आला. म्हणाला, "मेहुण्या, ही परत लाव. मी सगळ्यांसमोर उतरवली, आता सगळ्यांसमोर मीच कशी चढवू? लोक हसतील. तू लाव, मी तिकडे बघणार नाही. आणि लावलीस की थोरलीला सांग, धाकटीला कळव म्हणावं, पाटी जागेवर आहे. तिला समजेल."

"मग?" धाकटीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मग शिडी मिळाली नाही. शिडी मिळाली तर बोल्ट गंजलेले निघाले. मग माझी कंबर धरली. मग म्हटलं, उद्या. तुला माहीतच आहे माझा स्वभाव." मामांनी शाल सावरली. "तो दर वर्षी विचारायचा, पाटी आहे ना? मी म्हणायचो, आहे. खोटं नव्हतं ते, पलंगाखाली होतीच. स्वतः तो त्या रस्त्यानं कधी गेला नाही, शब्द दिला होता ना बघणार नाही म्हणून. आणि त्याच्यासमोर तुझं नाव काढायची कुणाची छाती होती? शेवटी शेवटी म्हणायचा, पाटी लावूनसुद्धा पोरगी येत नाही, म्हणजे मीच तिच्या मनातून उतरलो."

मला राहवलं नाही. "अहो, तुम्ही माणूस आहात की ओंडका?" मी खिडकीतूनच ओरडले. "चार बोल्ट! चार बोल्टांपायी बाप मरेपर्यंत आणि लेक चाळीस वर्षं वाट बघत बसली!"

"अगं, जरा..." आमचे हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!"

धाकटी पाटी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. आधी रडली, अगदी पोरीसारखी, नाक ओढत. मग रडता रडता तिला हसू फुटलं. "बाबांनी काम दिलं तरी कुणाला!" ती म्हणाली. "सगळं गाव सोडून मामाला! अहो, माझ्या लहानपणी हा दिवा विझवायला उठायचा नाही, मला हाक मारायचा!" मग तिच्याबरोबर आम्हीही हसलो, डोळे पुसत.

"माझे बाबा मला विसरले नव्हते," ती आमच्याकडे बघून म्हणाली. दोनदा म्हणाली.

मी लगेच हुकूम सोडले. आमच्या ह्यांनी शेजारून शिडी आणली, एका तरुण जोडप्यानं घरातून बोल्ट आणि पाना. मामा कित्येक वर्षांत बोळाबाहेर आले नव्हते, पण तेही शाल सावरत निघाले. शंकासुरांना इथेही शंका होतीच. "नगरपालिकेची परवानगी?"

"काढताना घेतली होती का कुणी?" मी म्हटलं. "शिडी धरा."

गच्चीतून एकानं ओरडून विचारलं, "अहो, आमच्या पत्त्याचं काय?" मी सांगितलं, "पत्ता आहे तिथेच आहे, खाली उतरून हात लावा!" आणि तो खरंच उतरला.

धाकटी स्वतः वर चढली. आम्ही सगळे नको नको म्हणत होतो, पण हट्ट बापाचाच. चारही बोल्ट तिनं आपल्या हातानं आवळले. पाटी घट्ट बसली. पत्रा थोडा गंजला होता, पण अक्षरं लांबूनही वाचता येत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती खाली उतरली तेव्हा शंकासुर तावातावानं म्हणाले, "आता पाना हातात आहेच, तर मेहुण्याच्या बोळाचीही पाटी उतरवून टाकू. असल्या माणसाच्या नावानं बोळ? ही शिक्षा झालीच पाहिजे."

कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. मीही म्हणाले, कबूल करते. मामांनी मान वर केली नाही. "काढा," ते म्हणाले. "मला ती शोभत नाही."

धाकटीनं पाना हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, राग होताच, काय कमी होता का! मग तिनं पाना त्या तरुणाला परत दिला.

"मामा, मी तुझ्यावर भयंकर रागावलेय," ती म्हणाली. "हा राग मरेपर्यंत जाणार नाही, आधीच सांगते. पण तुझी पाटी मी काढणार नाही. आमच्या घरात एकदा काढून बघितलीय." आणि तिनं त्यांच्या दंडाला धरलं. "चल घरी. चहा तू करायचास. आत्ता."