घासलेले नंबर

नरहरीचा हात सोन्याचा होता, पण मन मेलं संशयाचं. त्याला कोण काय करणार!

बोईसरला स्टेशनाबाहेर दामूचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. केळव्याच्या कोळीवाड्यातल्या या दामूनं भावांचा राग ओढवून होडीतला आपला वाटा विकला आणि जुनी मशिनं आणली. नरहरी त्याच्याच गावचा, वाडीवाल्यांच्या घरातला, शाळेपासूनचा जिवलग. मशिनं दुरुस्त करायचा तो. पगार नाही, मजुरी नाही. दामूच्या घरचा डबा दोघांत आणि गल्ल्याची किल्ली दोघांकडे. पालघरला दुसरं दुकान टाकायचं ते दोघांच्या नावावर, असा शब्द दामूनं आपल्या आईसमोर दिला होता. नरहरीचा सगळा जीव त्या दुकानात अडकला होता.

आणि विमानांच्या गेमचं मशीन बंद पडलं. कारखान्यांतून सुटलेले कामगार त्याच्यासाठीच यायचे. पडद्यावर आभाळ दिसायचं, विमानं गायब. बोर्डावरची, मशिनाच्या कंपनीनं फक्त स्वतःसाठी बनवलेली आयसी, म्हणजे चिप, गेली होती, आणि ती मुंबईच्या बाजारातही मिळत नव्हती. दुसऱ्या कोणी बोर्ड भंगारात टाकला असता. नरहरी मात्र हट्टाला पेटला. पावसाळाभर तिच्या एकेका पायाशी, म्हणजे पिनेशी, झटून त्यानं त्या आयसीचं काम ओळखलं, साध्या बाजारी आयसी जोडून तळहाताएवढा बोर्ड केला आणि तिच्या जागी बसवला. विमानं उडाली! दामूनं दुकानभर पेढे वाटले.

पण बोर्ड बसवण्याआधीच नरहरीनं त्या साध्या आयसींवरचे नंबर पॉलिश पेपरनं घासून काढले होते. धंद्यात तशी रीतच होती. नंबर दिसले की कोणीही नक्कल करतो. सफाळ्याच्या एका टीव्हीवाल्यानं त्याची कारागिरी अशीच उचलून त्याला हाकललं होतं. उद्या दामूलाही आपली गरज उरली नाही तर? हा विचार घासताना त्याच्या मनात आला होता, खोटं कशाला बोला.

दिवाळीत नरहरी तापानं गावी पडला आणि विमानं पुन्हा नाहीशी झाली. आजारी माणसाला कशाला उठवायचं, म्हणून दामू तो छोटा बोर्ड घेऊन पालघरच्या एका दुकानात गेला. एक आयसी उडालीय, एवढं तिथल्या माणसाला कळलं. पण बदलून कुठली घालणार? बनवणाऱ्यानं नंबर मुद्दाम घासलेत, असं सांगून तो हसला. ऐन सणात मशिनावर चादर टाकावी लागली.

बरा होऊन नरहरी आला, खराब आयसी काढली, नवी बसवून सोल्डरचा डाग दिला. चहा थंड व्हायच्या आत विमानं उडायला लागली. दामूनं पेढे आणले नाहीत.

"नरू," तो म्हणाला, "मला विंग्रजी वाचता येत नाय, तुला ठावं हाय. दिवाळीपरेंत बोर्ड या दुकानातून कदी भायेर गेला नवता. हितं आपून दोगंच. मंग नंबर कोनापासून लपवलंस?"

नरहरीनं तोंड उघडलं. धंद्याची सवय, असं म्हणणार होता. पण दामूच्या डोळ्याला डोळा भिडवून ते म्हणवेना.

मग दामूनं गल्ला उघडला आणि खाली बघतच विचारलं, "तुमची मजुरी किती झाली?"