जोडावरची सही

बाबुराव ओव्हाळ निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण त्यांच्यातला कारकून काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. विश्रांतवाडीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात वाण्याची यादीसुद्धा तारीख घातल्याशिवाय बाहेर पडत नसे. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस तो! जगातलं कुठलंही काम अडतं ते कागद कमी पडल्यामुळेच, अशी त्याची खात्री. म्हणून पूर्वानं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, दिल्लीच्या अर्जाचा विषय काढला तेव्हा बाबुराव त्याच संध्याकाळी नवी फाईल घेऊन आले आणि तिचे शाळेपासूनचे दाखले काढून बसले.

"बाबा, हे काय? पाचवीतल्या चित्रकला स्पर्धेचं प्रमाणपत्र?"

"असू दे गं. अर्जाला वजन येतं."

"वजनच येतंय," ललिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दिल्लीला पोस्टानं नको, टेम्पोनंच पाठवा."

पूर्वा वकील होती. नारायण पेठेत ॲडव्होकेट सुहासिनीताईंचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं, तिथे ती सहा वर्षं काम करत होती. धुणीभांडी करणाऱ्या बायका, कचरा वेचणाऱ्या बायका, घर पाडायची नोटीस हातात घेऊन आलेली माणसं, सगळी त्या जिन्यावर रांगेत बसलेली असायची. ज्यांना दुसरा वकील दारात उभं करणार नाही, ते इथे यायचे. दिल्लीतल्या एका संस्थेत अशा वकिलांसाठीच वर्षभराचा अभ्यासक्रम होता. अख्ख्या देशातून बारा जागा. तिथून शिकून आलेली माणसं हायकोर्टात उभी राहून वस्त्याच्या वस्त्या वाचवतात, असं पूर्वा सांगायची आणि सांगताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की बाबुराव पेपर वाचायचं सोडून तिच्याकडे बघत राहायचे.

दर वर्षी ती अर्ज करायचं म्हणायची आणि दर वर्षी ताई म्हणायच्या, "थांब. आधी काम कर. अर्जात सांगण्यासारखं काहीतरी होऊ दे." आता सांगण्यासारखं पुष्कळ झालं होतं, पण वेळ मात्र संपत आला होता. अर्जाला वयाची अट तिशीची, आणि जानेवारीत पूर्वाला तीस पूर्ण होणार होती. म्हणजे हा अर्ज पहिला आणि हाच शेवटचा.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. तिनं निबंध चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. बाबुरावांचं मत पडलं की सुरुवात संविधानानं करावी. पूर्वा म्हणाली, "बाबा, ती सगळेच करतात. मी बिबवेवाडीच्या मावशीनं करणार." घरकाम करणाऱ्या या मावशींवर साखळी चोरल्याचा आळ आला होता, आणि पूर्वा तीन दिवस त्यांच्याबरोबर पोलीस चौकीच्या बाकावर बसून राहिली होती. साखळी पुढे मालकिणीच्याच कपाटात सापडली. निबंधात तिनं एवढंच लिहिलं, स्वतःची फुशारकी एका ओळीनंही मारली नाही. बाबुरावांना ते फारच मिळमिळीत वाटलं, पण पोरीपुढे बोलायची सोय नव्हती.

अर्जाचा सगळा जोर होता शिफारसपत्रावर. ज्यांच्या हाताखाली तुम्ही किमान दोन वर्षं काम केलं, त्यांनीच ते द्यायचं. बंद पाकिटात द्यायचं, पाकिटाच्या जोडावर त्यांनी आडवी सही करायची, आणि ते पाकीट उमेदवारानं न उघडता अर्जासोबत पाठवायचं. नियम स्पष्ट छापलेला होता. पत्र असं मिळालं नाही तर अर्ज अपुरा.

आणि नेमक्या तेव्हाच सुहासिनीताई दवाखान्यात पडल्या. कॅन्सर जुनाच होता, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पूर्वा रोज कोर्टातून सरळ तिकडे जायची. एका शनिवारी ताईंनी उशाला टेकून दीड तास पत्र सांगितलं, ते दवाखान्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. पूर्वाला त्यांनी खोलीबाहेर बसवलं होतं. मग पाकीट बंद करून ताईंनी जोडावर सही केली. हात इतका थरथरत होता की सहीचं शेपूट पाकिटाच्या कडेपर्यंत घरंगळत गेलं होतं. मंगळवारी ताई गेल्या.

पूर्वा कोसळलीच. दोन दिवस धड जेवली नाही की कुणाशी बोलली नाही. पाकीट तिनं बाबुरावांच्या फाईलमध्ये ठेवलं होतं, कारण त्या घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती. गुरुवारी नारायण पेठेत शोकसभा होती. पूर्वा आणि ललिताबाई दोघी गेल्या. बाबुरावांचे गुडघे धरले होते म्हणून ते घरी राहिले. दुसऱ्या दिवशी अर्ज कुरियरला द्यायचा होता. म्हटलं, फाईल एकदा शेवटची तपासून ठेवावी.

आता इथे बाबुरावांची एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही त्यांना नुसतं चोंबडं म्हणाल. ते चोंबडे नव्हते हो. सरकारी नोकरीत दर वर्षी साहेब तुमच्याबद्दल गोपनीय अहवाल लिहितो आणि तो बंद पाकिटात वर जातो. बाबुरावांच्या एका साहेबानं, ज्याला त्यांनी जास्तीच्या बिलावर सही द्यायला नकार दिला होता, त्यांच्या अहवालात लिहिलं, 'सचोटी : खात्री देता येत नाही.' एवढीच ओळ. बढतीची यादी तीनदा लागली आणि तीनदा बाबुरावांचं नाव गळलं. त्यांच्या मागून आलेली पोरं त्यांचे साहेब झाली. का, ते त्यांना सात वर्षांनी कळलं, वैजनाथ नावाच्या शिपायानं फाईल हळूच दाखवली तेव्हा. ऑफिसची टाचणीसुद्धा घरी न आणणारा माणूस तो! त्या दिवशी ते घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले होते. तेव्हापासून बंद पाकीट दिसलं की आत काय लिहिलं असेल, हेच त्यांच्या मनात यायचं.

फाईल तपासता तपासता हात त्या पाकिटाशी थांबला. बाई भल्या होत्या, खरंय. पण बाबुरावांच्या मनात नको नको ते यायला लागलं. दुखण्यात माणूस चिडचिडा होतो. औषधांनी डोकं भ्रमतं. एखादी ओळ वाकडी गेली असेल तर? 'हुशार आहे, पण हट्टी आहे,' एवढं जरी असलं तरी पोरगी गेलीच. आणि तिला ते कधी कळायचंही नाही! ती आपली जन्मभर विचार करत बसेल की माझं काय चुकलं. जसे ते स्वतः बसले होते.

वाकडं काही निघालं तर पत्र काढून घ्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यापुढचा विचार केलाच नव्हता. चहाच्या भांड्यात पाणी उकळलं, पाकिटाची कड वाफेवर धरली, लोखंडी पट्टीनं जोड हळूच सोडवला. आयुष्यात पहिल्यांदाच ते असलं काही करत होते, पण कागदाची सवय असल्यानं हात चुकला नाही.

पत्र इंग्रजीत होतं. खाकी कागदांवर आयुष्य घासलेल्या बाबुरावांना इंग्रजी चांगलं समजायचं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं. ताईंनी लिहिलं होतं की माझ्याकडे चाळीसजण शिकून गेले, त्यांचं काम मी तपासलं. माझं काम तपासून द्यायला मी फक्त पूर्वाला सांगत आले. पुढे बिबवेवाडीच्या मावशींचं होतं, आणखी दोन खटल्यांचं होतं. आणि शेवटी असं होतं : 'पूर्वाच्या वडिलांना मी कधी भेटले नाही. पण ऑफिसची टाचणीही त्यांनी कधी घरी आणली नाही, हे ती मला इतक्या वेळा सांगत आली आहे की तो माणूस मला ओळखीचा वाटतो. ती त्या घरातून आली आहे. तिच्या सचोटीची खात्री मी देते.'

बाबुराव खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं. पोरगी परक्या बाईला आपल्याबद्दल हे सांगत होती! सहा वर्षं! त्यांना हसू यायला लागलं आणि त्यातच डोळे वाहायला लागले. कुणीतरी शेवटी ते लिहून दिलं होतं, सहीनिशी.

मग त्यांचं लक्ष पाकिटाकडे गेलं.

त्यांनी डिंक लावला, कड जुळवली, वर जाडजूड शब्दकोश ठेवून दाबलं. अर्ध्या तासानं पाहिलं तर सहीची रेघ जोडावर केसभर सरकली होती. केसभरच. दिल्लीतला कुठला बाबू एवढं बघतोय? कुणालाही कळलं नसतं. बाबुरावांना मात्र ते केसभर अंतर खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी पूर्वानं फाईल पुढ्यात घेतली. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच ती जरा सावरलेली दिसत होती. म्हणाली, "ताईंसाठी तरी हे व्हायला पाहिजे, बाबा." पानं उलटत ती शेवटच्या पानावर आली, पेन उघडलं आणि नेहमीच्या सवयीनं सही करण्याआधी मोठ्यानं वाचलं, "मी असे जाहीर करते की सोबतचे शिफारसपत्र माझ्याकडून अथवा माझ्या वतीने अन्य कोणाकडूनही उघडले गेलेले नाही."

बाबुरावांनी त्या ओळीकडे पाहिलं. गप्प बसलं की झालं असतं. पोरीला माहीतच नाही, म्हणजे ती काही खोटं बोलत नव्हती. पण तिच्या हातून खोट्या कागदावर सही होणार होती, आणि ते समोर बसून बघणार होते.

"पूर्वा, थांब. सही नको करूस."

"का?"

"मी उघडलं ते. काल."

ललिताबाईंची पोळी तव्यावरच राहिली. "अहो, काय बोलताय काय तुम्ही?"

बाबुरावांनी सगळं सांगितलं, वाफेपासून शब्दकोशापर्यंत. पूर्वा ओरडेल, पाकीट फेकेल, असं त्यांना वाटलं होतं. तिनं तसलं काहीच केलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटलं, बाबा? ताई वाईट लिहितील? की माझ्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही आहे?"

"नाही गं बाळा, तसं नाही..." साहेबाची ती ओळ त्यांनी घरात कधी कुणाला सांगितलीच नव्हती. ललितालासुद्धा नाही. मुलीनं ज्याचा अभिमान धरला, त्याच गोष्टीवर कुणीतरी शाई फासून ठेवली होती, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या सकाळी मात्र त्यांनी ते सांगितलं. मान खाली घालून, अडखळत. ललिताबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

पूर्वानं दिल्लीला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, त्याच मॅडमकडून दुसरं पत्र घ्या, दोन दिवस देतो. ती म्हणाली, "त्या मंगळवारी गेल्या." तो म्हणाला, "मग दुसरे कुणी वरिष्ठ?" दुसरं कुणी नव्हतं.

"तसंच पाठव की गं," ललिताबाई म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय, आई."

तिनं घोषणापत्रातली ती ओळ खोडली, खाली खरं काय ते लिहिलं आणि सही केली. मग अर्ज कुरियरला देऊन आली.

महिन्यानं मेल आला. चार ओळींचा होता. अर्ज अपुरा असल्याने विचारात घेता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिनं तो वाचून दाखवला, फोन चार्जिंगला लावला आणि भाजी निवडायला बसली. ताईंची कामं आता तिच्या एकटीच्या अंगावर होती, रोज सकाळी ती नारायण पेठेत जात होती. बाबुरावांशी ती व्यवस्थित बोलायची, गोळी घेतली का विचारायची. रडली मात्र नव्हती, एकदाही नाही. त्याचंच बाबुरावांना भय वाटायचं.

त्या दिवशी भाजी निवडताना वर न बघता तिनं विचारलं, "काय लिहिलं होतं ताईंनी?"

बाबुरावांना पत्र तोंडपाठ होतं. त्यांनी सांगितलं. चाळीसजणांचं सांगितलं, मावशींचं सांगितलं. टाचणीची ओळही सांगितली. पूर्वाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली होती.

"हे वाचलंत तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का, बाबा?"

खोटं बोलता आलं असतं. नाही म्हणता आलं असतं, आणि तेच शोभलं असतं.

"वाटलं गं," बाबुराव म्हणाले. "जन्मात इतकं कधी वाटलं नव्हतं."

तेव्हा पूर्वा रडली. मेथीच्या काड्यांत तोंड खुपसून, लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं. बाबुरावांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण तो ठेवायचा धीर त्यांना झाला नाही.