सोयासॉस न प्यायलेला मुलगा

"आ कर. अजून मोठा. आता श्वास सोड," तपासणी केंद्रातली नर्स मल-सून म्हणाली.

पोराने निमूटपणे तोंड उघडलं. मल-सूनने नाक पुढे केलं. सैन्यभरतीच्या सक्तीच्या तपासणीला येण्याआधी पोरं वाटीभर खारट सोयासॉस घशाखाली घालतात. रक्तदाब चढला की सीमेवरची नोकरी टळते, एखाद्या कचेरीत बसून दिवस काढता येतात. यंत्रावर ज्याचा आकडा वर जाई, त्याची रवानगी मल-सूनच्या खोलीत होई. ती त्याला पाणी पाजे, बाकावर बसवून ठेवी आणि पुन्हा मोजे. बहुतेकांचं बिंग तिथेच फुटे.

या पोराच्या तोंडाला मात्र सोयासॉसचा वास नव्हता. तासभर बसवूनही आकडा खाली यायला तयार नव्हता.

"जिना चढताना काही होतं का रे?"

"चक्कर येते, मावशी. छातीत फडफडतं. बाबा म्हणतात, नाटकं आहेत."

फडफडतं. मल-सूनचा हात जागच्या जागी थांबला. तिने पोराच्या छातीवरची चिठ्ठी आता कुठे नीट वाचली: ग्वाक जे-हा.

तेवढ्यात दार ढकलून त्याचा बाप आत आला. दुसऱ्या कुणाच्या बापाला फाटकावरच अडवलं असतं. पण डॉक्टर ग्वाक इथले माजी मुख्य तपासनीस. मधल्या दालनात त्यांचा फोटो लावला होता आणि मल-सून इतकी वर्षं रोज त्या फोटोखालून जात होती, दात आवळून.

"अहो बाई, किती वेळ लावताय?" ते म्हणाले. "सोयासॉस ढोसून आलाय कार्टा. 'योग्य' लिहा आणि मोकळं करा. आमच्या घरात आजवर कुणी सैन्य चुकवून घरी बसलेलं नाही. चार लोकांत मला तोंड दाखवायचंय."

बाकावरची पोरं फिसकन हसली. जे-हाचे कान लालबुंद झाले.

मल-सूनच्या भावालाही असंच हसले होते. चार मुलींनंतर आईबापाने तिचं नाव मल-सून ठेवलं, म्हणजे शेवटची मुलगी. आता तरी मुलगा होऊ दे म्हणून. आणि खरंच मुलगा झाला, सोक-ग्यू. छातीत फडफडतं असं त्याने याच डॉक्टरला सांगितलं होतं. "किती वाट्या प्यायलास?" असं विचारून डॉक्टरने अख्ख्या रांगेला हसवलं आणि छातीला नळीसुद्धा न लावता 'योग्य'चा शिक्का मारला. घरी आल्यावर सोक-ग्यूने नक्कल करून आईलाही हसवलं होतं. पुढे प्रशिक्षणात, भर उन्हात कूच करताना तो पडला, तो उठलाच नाही.

आणि आता तोच माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता, 'योग्य' लिहा. करायचं काय, तर फक्त त्याचा हुकूम पाळायचा! त्याच्या पोराला त्यानेच उन्हात पाठवलं असतं, तिच्या अंगाला काही लागलं नसतं. मल-सूनला ते इतकं गोड वाटलं की तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने पेन उचललंसुद्धा.

जे-हा तिच्याकडे बघत होता. काही मागत नव्हता. कुणी आपलं ऐकेल ही आशाच त्याने सोडली होती.

मल-सूनने पेन खाली ठेवलं आणि गळ्यातली नळी काढून डॉक्टरांपुढे धरली.

"तुम्हीच मोजा, डॉक्टर."

"मी? मी आता निवृत्त आहे."

"कान तर आहेत ना अजून? लावा."

सगळी पोरं टक लावून बघत होती. डॉक्टरांनी नाइलाजाने पोराच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला. काटा सरकू लागला तसा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. त्यांनी पुन्हा मोजलं. मग नळी पोराच्या छातीवर ठेवली आणि बराच वेळ तिथून हलवलीच नाही.

"किती?" मल-सूनने विचारलं.

ते काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने सांगा. मघाशी हसले ना सगळे, त्यांनाही ऐकू दे."

त्यांनी आकडा सांगितला. आता कुणी हसलं नाही.

"छातीत आवाज आहे," ते म्हणाले. "याला... याला आजच मोठ्या इस्पितळात न्यायला हवं."

"न्या की. सोक-ग्यूच्या छातीला तुम्ही नळीसुद्धा लावली नव्हती."

"कोण सोक-ग्यू?"

ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या घालून त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, पण त्यांना काही सापडलं नाही. मल-सूनने या क्षणासाठी आयुष्यभर शिव्या साठवल्या होत्या. त्यातली एकही तिच्या ओठांवर येईना.

"माझा भाऊ," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टर पोराच्या दंडावरचा पट्टा सोडवू लागले. साधी पट्टी त्यांना सुटेना. ते पुन्हा पुन्हा तिचं टोक शोधत राहिले. शेवटी, "राहू द्या बाबा," म्हणत जे-हाने दुसऱ्या हाताने ती ओढायला सुरुवात केली. मल-सून हाताच्या अंतरावर उभी होती. ती पुढे झाली नाही.