बशीच्या कडेला

टक्! पावाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि फोनकडे डोळे लावून बसलेली मी दचकले.

“आई, पावाला मिशा फुटल्यात!” आमची पाच वर्षांची बबडी खिदळली.

करड्या-हिरव्या, मऊ मिशा. हाच रंग मी मंगळवारी पाहिला होता.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. पेशंटचा कफ बशीत घालायचा, बशी उबेत ठेवायची, काय उगवतं ते बघायचं. अगदी कडेला बुरशीचा एखादा ठिपका दिसला, तर तो हवेतून पडलाय असं धरून बशी टाकून द्यायची. सहा वर्षं मी हेच केलं. मंगळवारीही केलं.

नवरा दोन मजले वर श्वासाच्या मशीनवर होता. साधा फ्लू म्हणून अंगावर काढला आणि आठवड्यात फुप्फुसंच बसली. घरी बसवेना म्हणून मी कामावर जात होते. बशीवर नाव नसतं, नंबर असतो. गुरुवारी मंगळवारच्याच नंबरच्या नव्या बशीत तोच ठिपका उगवला, या वेळी मधोमध. तेव्हा कुठे मी नंबरामागचा कागद काढला. नाव त्याचं होतं.

बुरशीवरचं औषध त्या संध्याकाळी सुरू झालं. मंगळवारी होऊ शकलं असतं.

“मीही टाकलीच असती,” आमच्या मॅडम म्हणाल्या. या वाक्याला टेकून बसायचा मी फार प्रयत्न केला. बसवत नाही. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

औषध लागू पडतंय का, ते डॉक्टर आज चारला कळवणार होते. पावणेचार झाले होते. मी ओटा पुन्हा पुसायला घेतला.

“अगं, ओट्याची सालं काढतेस का आता?” सासूबाई म्हणाल्या. “आणि बुरशी पावाला लागते, जित्याजागत्या माणसाला कशी लागेल?”

“अहो आई, ती हवेतच असते. आपण सगळेच ती श्वासातून घेतो. धडधाकट छाती तिला हाकलून देते. फ्लूनं त्याच्या छातीत ताकदच ठेवली नाही.”

“पण वेळेवर सापडली ना? तू आहेस तिथे, म्हणून मला घोर नाही बघ.”

मी फडकं पिळत राहिले. ते कोरडंच होतं.

बबडीनं पाव चिमटीत धरून कचऱ्यात टाकला आणि हात झटकले. “झालं! बाबांना पण असलीच झालीय?”

“हो गं, राणी.”

“तू कामावर बुरशी फेकतेस ना? तूच सांगतेस.”

“फेकते.”

“मग बाबांची का नाही फेकलीस?”