काळं चिकट रबर

आधीच सांगते, मी भांडखोर नाही. लोक मला भांडायला लावतात.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा," हे दिवसातून शंभर वेळा म्हणते. आमच्या तळघरात, जुन्या खाटा आणि गंजलेले सलाइनचे स्टँड बाजूला सारून, एक टेबल टेनिसचं टेबल मांडलेलं आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सहाजण तिथे खेळतो. दरवर्षी हॉस्पिटलांच्या आपसात स्पर्धा होतात. टीम तिघांची असते, आणि गेली तीन वर्षं मी चौथी आहे. चौथी म्हणजे रिझर्व्ह. रिझर्व्ह म्हणजे पिशव्या सांभाळायच्या, बाटल्या भरायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. तीन वर्षं वाजवल्या हो मी टाळ्या!

टीमचे कॅप्टन आमचे स्टोअरवाले. कापसाचा बोळा द्यायचा तरी तीन सह्या मागणारा माणूस. निवड तेच करतात आणि पहिलं नाव स्वतःचं लिहितात. या वर्षी यादी लावायच्या आधी मी थेट स्टोअरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "माझं काय?"

"ताई, तुमचा खेळ छान आहे हो," ते म्हणाले. "पण साधा आहे. तुमच्या बॉलला फिरकी नाही. समोरच्याने नुसती बॅट धरली तरी पुरते."

"फिरकी आणली तर?"

ते हसले. त्यांच्यामागे उभा असलेला कारकूनही हसला. "आणा की. पुढच्या शनिवारी मला एकदा हरवून दाखवा, तिसरी जागा तुमची. मग तर झालं?"

हे असं, मांजराला दूध दाखवावं तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांचं एक म्हणणं खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच जास्त झोंबलं. माझ्या बॅटचं रबर सात वर्षांचं होतं. गुळगुळीत, टकलासारखं. त्याच्यावरून बॉल नुसता घसरायचा. त्याच संध्याकाळी मी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकानदार माझ्याच वयाचा असेल. मी म्हटलं, "टेबल टेनिसच्या बॅटचं रबर दाखवा."

"मुलासाठी का?"

"माझ्यासाठी."

"अच्छा, अच्छा," असं म्हणत त्याने एक मऊ, उसळणारं रबर काढलं. "हे घ्या. बायकांना हलकं बरं पडतं. फार जोर लागत नाही, बॉल आपोआप पळतो."

बायकांना हलकं! मी दिवसभर शंभर-शंभर किलोची माणसं टेबलावर कुशीला वळवते. पण त्याला काय सांगायचं? मी म्हटलं, "फिरकीचं चिकट रबर दाखवा. आणि एक बॉल आणा."

त्याने नाइलाजाने तीन पाकिटं काढली. चिकट रबर पारखायची एक साधी रीत आहे. रबरावर बॉल ठेवायचा, अंगठ्याने दाबायचा, आणि रबर उलटं धरायचं. बॉल किती वेळ लटकून राहतो ते मोजायचं. पहिल्याचा बॉल उलटं करताक्षणी पडला. नावालाच चिकट. दुसऱ्याने दोन आकडे मोजेपर्यंत धरला. तिसरं काळं होतं, खालचा स्पंज कडक, हातात घेतल्यावर जरा जड. त्यावर बॉल दाबून उलटं केलं आणि मी मोजायला लागले. सहा, सात, आठ. आठ झाल्यावर बॉल सुटला.

"ते नका घेऊ हो ताई," दुकानदार म्हणाला. "ते फार अवघड रबर आहे. स्वतःहून काहीच करत नाही. बॉल मारला तर मेल्यासारखा जातो. खालून वर घासूनच काढावा लागतो, प्रत्येक वेळी पूर्ण हात फिरवून. सगळं तुमच्या हातावर."

"मग तेच बांधा," मी म्हणाले.

आता आमचे हे. ह्यांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. चिकटवण्याच्या कामात ह्यांचा हात धरणारा माणूस नाही, हे मी भांडण चालू असतानाही कबूल करीन. म्हणून रबर बॅटला लावायचं काम मी ह्यांनाच दिलं. गोंदाचा पातळ हात, वाळू द्यायचं, मग मधून कडेकडे दाबत न्यायचं. एक बुडबुडा राहिला नाही. कडेचं जास्तीचं रबर ब्लेडच्या एका फिरकांडीत उडवलं. मग त्यावर बोट ठेवून म्हणाले, "अगं, तुला खराब माल दिलाय. हे चिकटतंय."

"चिकटायलाच हवं."

"रबर चिकट झालं म्हणजे मेलं. तीस वर्षं रबरात काढली मी, मला सांगतेस?"

"अहो, हे ट्यूबचं रबर नाही. ह्याला अजिबात हात लावायचा नाही. कळलं?"

"बरं," हे म्हणाले.

ह्यांचं 'बरं' मी बावीस वर्षं ऐकतेय. नळाला हात लावू नका म्हटलं की 'बरं', आणि दुसऱ्या दिवशी घरभर पाणी. मिक्सर उघडू नका म्हटलं की 'बरं', आणि संध्याकाळी मिक्सर पेपरवर पसरलेला. वाईट माणूस नाही हो. पण माझी म्हणून एक वस्तू ह्यांच्या दुरुस्तीतून सुटलेली नाही.

आठवडाभर मी त्या रबराशी झगडले. दुकानदाराचं खरं होतं, ते स्वतःहून काही करत नव्हतं. पहिले दोन दिवस माझे निम्मे बॉल जाळीत. तिसऱ्या दिवशी हात खालून वर सुटा फिरला, आणि बॉल टेबलावर टप्पा घेऊन असा उसळला की स्टोअरवाल्यांच्या बॅटला लागून थेट वरच्या पाइपवर आदळला. "डिंक लावून आलात का?" ते म्हणाले. पण माणूस हुशार. गुरुवारपर्यंत ते बॅट पुढे झुकवून, बॉलवर झाकून धरायला शिकले, म्हणजे फिरकी दबून बॉल टेबलावरच राहायचा. आता मॅच बरोबरीची होती. मी रोज खेळून झाल्यावर रबर पाण्याने पुसून, वर प्लॅस्टिक लावून ठेवत होते. तान्ह्या बाळाला जपणार नाही इतकं जपत होते.

शनिवारी ह्यांनी माझ्यासाठी दुकान बंद ठेवलं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? तळघरात येऊन हे मोडक्या खाटेवर बसले. पंच म्हणून मोठ्या सिस्टर होत्या, ज्यांच्यासमोर ऑपरेशन करणारे डॉक्टरही खालच्या आवाजात बोलतात. खेळणारे आम्ही सहा, वर बघे चार. स्टोअरवाले म्हणाले, "सराव कशाला, चला सुरूच करू. सुट्टी संपेल." मी पिशवीतून बॅट काढली आणि सुरू केलं. अकराचा गेम, तीनपैकी दोन.

पहिल्या सर्व्हिसलाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हात फिरला, पण बॉल रबरावर थांबलाच नाही. सरळ, बावळटासारखा पलीकडे गेला. स्टोअरवाल्यांनी फिरकी येणार म्हणून बॅट झाकली होती. बॉल जाळीत. दुसरा तसाच. तिसरा तसाच. ते बिचारे न आलेल्या फिरकीशी लढत होते. मला वाटलं बॉलच फुटका आहे. बदलला. तेच! बघता बघता गेम माझा, अकरा-चार.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा टाळ्या माझ्यासाठी होत्या. मी घाम पुसायला खाली बसले, रबरावरून बोट फिरवलं, आणि बोट पांढरं झालं. नाकाशी नेलं. तो वास मी झोपेतही ओळखीन. ट्यूब टायरमध्ये घालण्याआधी तिला फासतात ना, आत चिकटू नये म्हणून, ती पावडर.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे तर कौतुकाने हसत होते. जवळ येऊन हळूच म्हणाले, "सकाळी दोन्ही बाजूंना नीट घासून लावली. बघ, आता चिकटत नाही ना? कशी जिंकलीस!"

बाई गं. काय बोलू मी ह्या माणसाला? मारायला तरी किती मारू?

आणि मग त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली. रबराला काहीही लावायचं नाही, हा खेळातला साधा नियम आहे. हे मला माहीत होतं आणि ह्यांना माहीत नव्हतं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अजून एक गेम असाच खेळले असते तर तिसरी जागा माझी. आणि खरं सांगू? बसून राहायचा मोह झाला. का नाही व्हायचा? तीन वर्षं माझ्यावर अन्याय झाला, तेव्हा कुणी उठून बोललं होतं?

पण मग जिंकलं कोण असतं? पावडर! मी आठवडाभर खांदा दुखेपर्यंत जो हात फिरवला, त्याचा ह्यात एक पॉइंटही नव्हता. ह्या विचाराने मला इतका राग आला की मी उठलेच.

"सिस्टर, माझ्या रबराला पावडर लागलीय. हा गेम मला नको."

हे पुढे आले, "मी लावली हो, तिला माहीत नव्हतं..." आणि स्टोअरवाल्यांना एकदम कंठ फुटला. "मॅच बाद! नियम म्हणजे नियम. ताई हरल्या. तरी मी म्हणतच होतो, आठवड्यात फिरकी येते होय?"

"तुम्ही बसा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तिनं आपणहून सांगितलं. गेम गेला, मॅच गेलेली नाही. एक-शून्य तुमच्या बाजूनं. ताई, बॅट धुऊन ये."

कोपऱ्यात कोपराने उघडायचा नळ आहे. मी रबर पाण्याखाली धरलं, स्पंजने पुसलं, पुन्हा धुतलं. हे शेजारी उभे राहून म्हणाले, "अगं, पेट्रोलनं एकदम..." मी फक्त बघितलं. रबर वाळू दिलं. मग मी टेबलापाशी येऊन बॉल रबरावर दाबला. सगळे बघत होते. सवयीने माझ्या तोंडून निघालं, "श्वास घ्या, धरून ठेवा," आणि मी बॅट उलटी केली.

एक. दोन. तीन. मागचे मोजायला लागले. चार. पाच. सहाला बॉल सुटला. आठ नाही, पण सहा पुरेसे होते.

दुसरा गेम अकरा-आठ, माझा. आता स्टोअरवाल्यांचं डोकं फिरलं होतं. झाकायची की उघडी धरायची, त्यांनाच कळेना. तिसऱ्यात मात्र ते सावरले. नऊ-नऊ. एक पॉइंट मला मिळाला, त्यांचा बॉल बाहेर गेला म्हणून. दहा-नऊ. त्यांनी आखूड, खाली बसणारी सर्व्हिस टाकली. मी गुडघा वाकवला आणि हात पार जमिनीपासून कपाळापर्यंत नेला. बॉल रबराला क्षणभर धरून राहिलेला मला हाताला कळला. पलीकडे टप्पा पडला, उसळला, त्यांच्या बॅटला लागला, आणि वरच्या पाइपवर आदळून खाटांच्या मागे कुठेतरी गेला.

"बरं बरं, सोमवारी लिहितो नाव," स्टोअरवाले घाम पुसत म्हणाले. "वही वर राहिली."

"वही तुमच्या काखेत आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी वही काढली. पेन चालेना म्हणे. मी माझ्या ॲप्रनच्या खिशातलं पेन दिलं आणि नाव पूर्ण लिहून होईपर्यंत टेबलापाशी उभी राहिले. रिझर्व्हच्या ओळीत नाही, तिसऱ्या ओळीत. मग पेन परत घेतलं. तीन सह्या तेवढ्या मागितल्या नाहीत.

निघताना हे खाटेपाशी अपराध्यासारखे उभे होते. बाहेर जिन्यापर्यंत माझ्यामागून आले. मी रबर पुसलं, प्लॅस्टिक लावत होते, तेवढ्यात त्याचा एक कोपरा दुमडला. ह्यांचा हात आपोआप पुढे आला. तिथेच थांबला.

"नीट करून देऊ का?" ह्यांनी विचारलं.

बावीस वर्षांत हे मला पहिल्यांदा काही विचारत होते.

"नको," मी म्हणाले.

हे 'बरं' म्हणाले, आणि हात खरंच मागे घेतला.