मावशीचं मनगट कोणत्या प्रकारात बसतं?

हाड जुळलं होतं. चिमीने पडद्यावरचा एक्स-रे मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, नाव तपासलं, तारीख तपासली. नाव मावशीचंच होतं.

चिमी हे घरचं नाव. दवाखान्यात ती हाडांची डॉक्टर होती आणि मावशी तिच्या आईची धाकटी बहीण. मावशी पडदे शिवायची. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडे पडदे लावताना ती स्टुलावरून पडली आणि मनगटातलं काजूएवढं हाड मोडलं. प्लास्टर घातलं, काढलं, पण हाड काही जुळेना. तेव्हा चिमीनेच ऑपरेशन ठरवलं होतं. कमरेचं थोडं हाड घ्यायचं, मनगटात भरायचं, वर स्क्रू बसवायचा. मावशीने आधी हो म्हटलं, मग तिचं ब्लडप्रेशर वाढलं, मग पडद्यांची मोठी ऑर्डर आली, आणि शेवटी तिने फोन उचलणंच बंद केलं.

आज ती गुडघा दाखवायला आली होती. आलीच आहे तर मनगटही बघू, म्हणून चिमीने फोटो काढून घेतला होता.

"दुखत नाही?"

"दुखायचं. मग कधी थांबलं ते कळलंच नाही."

सीटी स्कॅनमध्येही तेच दिसलं. चिमी सुखावली आणि त्याहून जास्त गोंधळली. असं होत नाही. निदान तिने तरी पाहिलं नव्हतं.

विभागप्रमुख सर मात्र खूश झाले. "लिहून काढ आणि पाठव."

चिमी हाडांच्या संशोधनाला वाहिलेल्या जर्नलच्या वेबसाइटवर गेली. लेखाचा प्रकार निवडल्याशिवाय पान पुढे सरकेना. ओरिजिनल आर्टिकलला रुग्ण भरपूर हवेत. तिच्याकडे एकच मावशी होती. रिव्ह्यू म्हणजे इतरांनी आजवर काय लिहिलं त्याचा आढावा. टेक्निकल नोटमध्ये शस्त्रक्रियेचं नवं तंत्र सांगायचं. इथे सुरीच लागली नव्हती. उरला केस रिपोर्ट, म्हणजे एकाच रुग्णाची हकिगत. पण त्याखाली अट होती, की वाचणाऱ्या डॉक्टरांना त्यातून नवं काही शिकता आलं पाहिजे.

नवं काय? तिने ऑपरेशन सांगितलं, मावशी पळाली, हाड जुळलं. यातून कुणी काय शिकायचं?

"अगं, सोपं आहे," सर म्हणाले. "लिही, आम्ही पूर्ण विचाराने शस्त्रक्रिया टाळली."

"पण सर, आपण कुठे टाळली? तिने टाळली. मी तर हात धुऊन तिच्या मागे लागले होते."

"शब्द इकडचे तिकडे करायचे फक्त."

चिमीने सरांचं वाक्य लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. तसंच ठेवून ती रविवारी मावशीकडे संमतीची सही घ्यायला गेली.

मावशी मशीनवर होती. खोलीभर निळं कापड पसरलेलं. चिमी त्याची एक घडी सरकवून खुर्चीवर टेकली.

"माझं नाव छापणार का?"

"नाही, नाव द्यायचं नसतं. 'अठ्ठावन्न वर्षांची महिला' एवढंच."

"म्हणजे नाव लपवणार आणि वय छापणार? अगं, बायका उलटं करतात!"

चिमी हसली. मग तिने लेख मराठीत सांगितला. मावशीने मशीन थांबवलं.

"तुम्ही ठरवलंत? ऑपरेशन नको असं? चिमे, तू माझ्यावर केवढी चिडली होतीस. आईला फोन करून रडली होतीस."

"हो."

"मग मी का आले नाही, ते लिहिलंयस का?"

चिमीने हे तिला कधी विचारलंच नव्हतं. "का आली नाहीस?"

मावशीने कापडावरचा दोरा उचलला, बोटाला गुंडाळला. "तू कापणार होतीस ना. काही बरंवाईट झालं असतं तर ताईने माझ्यासाठी रडायचं की तुझ्यावर चिडायचं? तूही आयुष्यभर मनाला लावून घेतलं असतंस. दुसरा डॉक्टर दे म्हणायची लाज वाटली. तुला वाईट वाटलं असतं."

हे कोणत्याच प्रकारात बसत नव्हतं.

घरी येऊन तिने सरांचं वाक्य काढलं आणि लिहिलं: शस्त्रक्रियेचा सल्ला दिला होता, रुग्णाने ती करून घेतली नाही, हाड का जुळलं हे आम्हाला सांगता येत नाही. सरांनी ते वाचलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मग माझं नाव नको घालूस."

महिन्याभराने संपादकांचं उत्तर आलं. केस रिपोर्ट म्हणून घेता येणार नाही; 'संपादकांना पत्र' म्हणून चालेल, मात्र मजकूर बराच कमी करा. चिमीने कापाकापी केली आणि ते छापून आलं, अर्ध्या पानात.

त्यानंतर काही दिवसांनी एक बसचालक आला. तेच हाड, तसंच न जुळलेलं.

"मॅडम, माझ्या मेहुण्याने कुठेतरी वाचलं, हे आपोआपही जुळतं म्हणे."

"एका बाईचं जुळलंय. मी स्वतः पाहिलंय."

"मग मी थांबू?"

एरवी या प्रश्नाचं उत्तर तिच्या जिभेवर असे. आज तिला शब्द शोधावे लागले. "बहुतेकांचं जुळत नाही, आणि सांधा झिजत जातो. तिचं का जुळलं, मला माहीत नाही. तुमचं जुळेल असं मी म्हणू शकत नाही. माझा सल्ला ऑपरेशनचाच आहे."

त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. "घरी विचारून सांगतो."

"सांगा. आणि माझ्याकडून करून घ्यायला अवघड वाटलं तर दुसरे डॉक्टरही आहेत. तसं सांगायला लाजू नका."

डॉक्टर असं का म्हणतायत, ते त्याला कळेना. दारापर्यंत जाऊन तो परत वळला. "तुम्हीच करा," म्हणाला, "पण तारीख घरी विचारूनच."