एरियलतात्याची छत्री

पुसेगावात कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की माणसं आधी एरियलतात्याला हाक मारायची. मूळ नाव ग्यानबा, पण ते सातबाऱ्यावर आणि रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं. बायकोच्या तोंडून ते कुणी ऐकायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही. सखुबाईनं लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेही सासूनं दोनदा डोळे वटारल्यावर. पुढची अडतीस वर्षं 'अवो' वर भागलं.

सन ब्याण्णवपासून गावातली झाडून सगळी एरियलं ग्यानबानंच उभी केली होती. त्याची रीत ठरलेली. जितका बांबू उंच तितकं चित्र चांगलं. तो वर बांबू फिरवायचा आणि घरची बाई खाली दारातून ओरडायची, "आलं... आलं... गेलं!" त्या ओरडण्यावर त्याचा हात चालायचा. या कामात गडी नाकावर माशी बसू देत नव्हता.

दोन हजार सहा सालच्या माघात टीव्हीवाले गावात आले. सखुबाईच्या बचत गटाची हातजात्यावरची तुरीची डाळ त्यांना दाखवायची होती. ग्यानबा म्हणाला, "डाळ भरडताना काय बघायचं? जगात काय पाहायला उरलं न्हाई व्हय?" आणि जीपला लटकून सेनगावच्या बाजाराला निघून गेला. संध्याकाळी परत आला तर पाहुणे निघून गेलेले. सखुबाई जात्याभोवतीची चुणी गोळा करत होती.

"काय इचारलं गं तुला?"

"दिसंल तवा बघा."

महिन्यानं निरोप आला. कार्यक्रम येत्या गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला, मराठी चॅनलवर, एकदाच. आता पंचाईत अशी की गावातल्या एरियलांना ते चॅनल लागतच नव्हतं. शेजारची पार्वतीबाई, तीही गटातलीच, येऊन सांगून गेली, "भाऊजी, आमी समद्या तुमच्याच घरी येनार. एरियलतात्याच्या घरी न्हाई दिसलं तर मंग कुठं दिसायचं?"

सखुबाईनं ठेवणीतलं लुगडं उन्हात घातलं. घरात बसून टीव्ही बघायला ठेवणीतलं लुगडं! ग्यानबाला ते बघून कसंसंच झालं. त्या दिवशी आपण उगीच बाजाराला पळालो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

बुधवारी दोघं सेनगावला पुनमचंदच्या दुकानात गेली. ग्यानबानं सरळ सगळ्यात मोठ्या एरियलला हात घातला. अकरा दांड्यांचं, वर बूस्टर. "हेच द्या. बांबू दोन हात वाढवतो."

पुनमचंद हसला. "तात्या, दांड्याचा जमाना गेला. तुम्ही म्हणता ते चॅनल हवं तर छत्री न्या. डिजिटल. आरशासारखं चित्र."

"ह्ये टोपलं? ह्याला ना दांडा ना उंची!"

"उंची लागत न्हाई त्याला. उगवती आणि दक्षिणेच्या मधे तोंड करायचं, पुढं झाड नको, आणि हललं न्हाई पायजे. बास. टीव्हीला जोडायच्या डब्यात चॅनल मी इथंच लावून देतो. फिटर मात्र सोमवारी येईल."

"फिटर काहून? मी काय मेलो का?"

सखुबाई इतका वेळ एरियलच्या दांड्या मोजत होती. ती म्हणाली, "छत्री घ्या." ग्यानबानं तिच्याकडे पाहिलं. बाजारात ही बाई कधी मिरचीचासुद्धा भाव करत नसे. छत्री घेतली.

आता एवढं समजावून सांगितल्यावर माणसानं ऐकावं की नाही? पण हात जुन्या वळणाचा! ग्यानबानं छत्री नेली ती थेट बांबूच्या शेंड्यावर. वाऱ्यानं ती मान हलवू लागली. गुरुवारी चार वाजता लाइट आली, डबा सुरू झाला, आणि टीव्ही निळाशार. मुंग्यासुद्धा नाहीत! मुंग्या असत्या तर त्यांच्या मागं मागं चित्रापर्यंत जाता आलं असतं. या निळ्यात काय धरायचं?

"अवो, त्यांनी हलू नका देऊ म्हनलं होतं. उंच करा कुठं म्हनलं?" सखुबाई अंगणातून म्हणाली.

"तू मला एरियल शिकवून राहिली?"

पण पाच वाजता त्यानं मुकाट्यानं छत्री उतरवली आणि माळवदाच्या कठड्यावर बसवली. मग सुरू झालं ते जुनंच. हा हळूहळू फिरवतोय, ती खाली टीव्हीपुढून बघतेय.

"आलं!" सखुबाई ओरडली. "आलं बाई! ... गेलं."

तो मागं आला. काही नाही. पुन्हा पुढं.

"आलं! ... गेलं!"

असं सात-आठ वेळा झालं. ग्यानबा घामाघूम, डोकं भणभणलेलं. माळवदाला उजेडासाठी झरोका होता, त्यात तोंड घालून तो खेकसला, "अगं, तू आलं म्हन्ती तवर मी पुढं गेलेलो अस्तो! तोंड जरा लवकर उघडत जा की!"

"दिसलं की लगेच म्हन्ते. तेच उशिरा येऊन राहिलं." सखुबाई झरोक्याखाली येऊन उभी राहिली. मान वर करून शांतपणे म्हणाली, "जात्यात घास टाकला की लगेच डाळ पडती का? दोन येढे जाऊ द्यावे लागतेत. तुमी थोडं फिरवा अन् थांबा. मी धापर्यंत मोजते. मी म्हनल्याबिगर हलू नका."

चौदा वर्षांत ग्यानबाला खालून असा हुकूम कुणी दिला नव्हता. पण सूर्य खाली चालला होता आणि ग्यानबानं हात टेकले होते. बोटभर फिरवलं, थांबला. खालून मोजणी झाली. बोटभर फिरवलं, थांबला. पुन्हा मोजणी. असं करता करता सहा वाजून गेले. अंगणात चपला वाजू लागल्या. पार्वतीबाई आली, मागून गटातल्या बाकीच्या आल्या.

"...आठ, नऊ... आलं! हलू नका! आलं, अन् थांबलं!"

खाली बायकांनी टाळ्या पिटल्या. ग्यानबा हरखला. पाना घेऊन नट आवळायला गेला, आणि छत्री नखभर सरकली.

"गेलं!" सगळ्या एकदम ओरडल्या. मग सखुबाईचा आवाज आला, "असू द्या. कुनाच्या हातचं हाय का ते."

ते ऐकून ग्यानबाला रडूच आलं असतं. बाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं! त्यानं पाना फेकून दिला, छत्रीला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि ती नखभर परत मागं आणली. थांबला. आता तो स्वतःच मोजत होता. सहा, सात, आठ...

"आलं! सुरू झालं गं बाई, तेच हाय! अवो, सोडू नका! हाय तसं धरा!"

त्यानं धरलं. छाती कठड्याला टेकलेली, एक पाय अवघडलेला, मान वळवता येईना. झरोका दोन हातांवर होता, पण त्याला दिसत होतं ते फक्त पुनमचंदचं टोपलं आणि त्यामागची तुरकाट्यांची गंजी. आवाज मात्र खणखणीत येत होता. जातं घरघरलं. बायका हसल्या. मग ती टीव्हीवाली बाई विचारू लागली, डाळ अशी अख्खी कशी पडते, फुटत कशी नाही?

"जात्याला टाकी बराबर लागती म्हनून," टीव्हीतली सखुबाई म्हणाली. "आमच्या घरचे छिन्नीनं लावतेत. दर साली, मी न सांगता."

"नाव काय त्यांचं?"

ग्यानबानं कान टवकारले. मग सखुबाईचा आवाज आला, उखाणा नाही, आढेवेढे नाहीत, सरळ. "ग्यानबा."

खाली बायकांनी "अगं बया!" म्हणून एकच गिल्ला केला. वर ग्यानबानं छत्री हलू दिली नाही.

कार्यक्रम संपल्यावर बायका हसत, तोंडाला पदर लावत घरी गेल्या. सखुबाई शिडीनं माळवदावर आली. तो अजून तसाच धरून बसला होता.

"सोडा की आता. संपलं ते."

त्यानं हात सोडले. बोटं वळत नव्हती. ती तिनं आपल्या हातात घेऊन चोळली.

"ऐकू आलं व्हय?" तिनं खाली बघत विचारलं.

"वारं होतं," ग्यानबा म्हणाला. मग खोटं बोलणं त्याला जमेना. "नाव काहून घेतलं? एरियलतात्या म्हनली असती तर भागलं असतं. समद्या गावाला ठाऊक हाय."

"गावाला ठाऊक हाय," सखुबाई म्हणाली. "ती बाई परगावची होती. तिला तुमचं खरं नाव ठाऊक व्हावं म्हनलं."